घराच्या डोक्यावर पाच घिरट्या

२०२३ च्या डिसेंबरमधली गोष्ट. बंगळुरूहून मुंबईला येत होतो. संध्याकाळचं विमान, खिडकीची सीट, स्वच्छ हवा. विमान खाली उतरायला लागलं तशी कोकणची किनारपट्टी दिसू लागली आणि एका क्षणी मी ताठ बसलो. समुद्रात घुसलेलं कोर्लईचं टोक, त्याच्या अलीकडे कुंडलिकेचं मुख, खाडीवरचा साळावचा पूल, आणि पुलापासून जरा वर नारळी-पोफळीचा गर्द हिरवा पट्टा. रेवदंडा. माझं गाव. त्या हिरव्या पट्ट्यात कुठेतरी आजी तुळशीपाशी दिवा लावत असणार.

फोटो काढेपर्यंत विमान वळलं आणि गाव मागे गेलं. चार-पाच मिनिटांनी ते पुन्हा आलं. मग पुन्हा. पायलटने सांगितलं, मुंबईत गर्दी आहे, आपल्याला थांबायला सांगितलंय. त्या संध्याकाळी मी माझं घर पाच वेळा पाहिलं. नंतर मुंबईत उतरून पनवेल, पेण, वडखळ, अलिबाग करत घरी पोचायला चार तास लागले. जेवण वाढताना आजी म्हणाली, "वरून जात होतास तर उतरायचंस ना इथेच."

विनोद म्हणून ठीक आहे. पण विमान हवेत ‘थांबतं’ तेव्हा नक्की काय होतं, हा प्रश्न मला काही सोडेना. त्याचं उत्तर शोधताना मी इंजिनांकडे गेलो, तेलाकडे गेलो, आणि फिरून माझ्याच गावाच्या इतिहासात येऊन पोचलो. कारण रेवदंड्याला थांबण्याचा दीड-दोन हजार वर्षांचा अनुभव आहे.

मौसिम

रेवदंडा आणि शेजारचं चौल यांना वेगळं करणं कठीण. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत जे ‘सेमिल्ला’ बंदर येतं, ते म्हणजे चौल असं मानलं जातं. दहाव्या शतकात अरब प्रवासी अल-मसुदी इथे आला. त्याने गावाला ‘सैमूर’ म्हटलंय. १४६९ मध्ये अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी होर्मुझकडून जहाजात घोडा घालून चौलला उतरला. १५०८ मध्ये या बंदरात पोर्तुगीज आणि इजिप्तच्या आरमारांची लढाई झाली. पुढे १५२१ मध्ये निजामशाहाकडून परवानगी मिळवून पोर्तुगीजांनी रेवदंड्याला आपलं ठाणं बांधायला घेतलं. त्याच तटबंदीच्या दरवाजातून आजही अलिबाग-मुरूड एसटी आरसा सांभाळत आत शिरते. १७४० मध्ये ते मराठ्यांकडे आलं.

शाळेत हे सगळं आम्ही लढायांच्या सनावळ्या म्हणून पाठ केलं. त्यातली खरी यंत्रणा कुणी सांगितली नाही. ती यंत्रणा म्हणजे वारा. पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून येणारा आणि हिवाळ्यात ईशान्येकडून जाणारा. अरबस्तानातून घोडे, खजूर घेऊन यायचं ते एका वाऱ्यावर. इथून कापड, मसाले घेऊन जायचं ते दुसऱ्या वाऱ्यावर. अरबीत ऋतूला ‘मौसिम’ म्हणतात. आपला ‘मोसम’ तिथून आला, आणि इंग्रजांचा मान्सूनही.

ऐन पावसाळ्यात हे बंदर बंद असायचं. गलबतं किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवायची, नारळी पौर्णिमेला नारळ वाहायचा, मग समुद्र उघडायचा. व्यापारी महिनोन्महिने थांबायचे. घरं करायचे, लग्नं करायचे, मशिदी-देवळं बांधायचे. चौलमध्ये इतक्या धर्मांच्या, भाषांच्या खुणा सापडतात त्यामागे हे सक्तीचं थांबणंही आहे.

या व्यवस्थेत दोन गोष्टी होत्या. थांबायला इंधन लागत नव्हतं. आणि वर्षात किती खेपा होणार, याला निसर्गाने घातलेली मर्यादा होती. तुमच्याकडे कितीही पैसा असो, आषाढात जहाज निघायचं नाही.

त्या जगाबद्दल मला भाबडं प्रेम नाही. जहाजं बुडत होती, गुलामांचा व्यापार होत होता. मुद्दा एवढाच की प्रवासाला तेव्हा मोसम होता.

जुहूचा चिखल

टाटांच्या नियमित हवाई टपालाची सुरुवात १५ ऑक्टोबर १९३२ ला झाली. जेआरडी टाटा कराचीहून ‘पस मॉथ’ हे एका इंजिनाचं चिमुकलं विमान घेऊन निघाले, अहमदाबादला थांबले आणि जुहूला उतरले. सोबत टपालाची पोती. अहमदाबादला त्यांच्यासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. हा तपशील मला फार आवडतो. विसाव्या शतकाचं इंजिन सतराव्या शतकाच्या वाहनातून आलेल्या इंधनावर उडालं.

त्याहून आवडणारा तपशील पुढचा. तेव्हाचं जुहू म्हणजे भरतीच्या पातळीवरचं मैदान. पावसाळ्यात तिथे चिखलच चिखल. त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांत पावसाळा लागला की टाटांची ही सेवा मुंबई सोडून पुण्याला हलायची. म्हणजे विमानांनाही सुरुवातीला मोसम होता. चौलच्या नाखव्यासारखंच वैमानिकही आषाढ मानत होते.

हे फार काळ टिकलं नाही. सांताक्रूझला पक्की धावपट्टी आली. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ कैरो, जिनिव्हा करत लंडनला निघालं, तेही बरोबर मृगाच्या तोंडावर. १९६० मध्ये एअर इंडियाकडे बोइंग ७०७ जेट आलं. काँक्रीट, रडार आणि केरोसीन या तिघांनी मिळून मोसम संपवला.

विमानाचं इंधन हे मुळात शुद्ध केलेलं केरोसीनच, म्हणजे रॉकेल. एक किलो जाळलं की सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. इंधनापेक्षा वायूचं वजन जास्त कसं, असा प्रश्न पडेल. ज्वलनात हवेतला ऑक्सिजन त्याला येऊन मिळतो म्हणून. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी विमानांचा वाटा साधारण अडीच टक्के. उंचावर विमानामागे उमटणाऱ्या ढगांच्या रेघा आणि इतर परिणाम धरले तर तापमानवाढीतला वाटा साडेतीन टक्क्यांच्या आसपास जातो.

बिझी वेटिंग

आता माझ्या पाच घिरट्या.

फेब्रुवारी २०२४ मध्ये, म्हणजे माझ्या त्या प्रवासानंतर दोनच महिन्यांनी, केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने मुंबई विमानतळाबद्दल एक निवेदन काढलं. त्यात म्हटलं होतं की मुंबईवर विमानं ४० ते ६० मिनिटं घिरट्या घालतात. एक विमान तासाला सरासरी २,००० किलो इंधन जाळतं. ४० मिनिटांच्या घिरट्यांत सुमारे १.७ किलोलिटर आणि तासाभराच्या घिरट्यांत २.५ किलोलिटर इंधन वाया जातं.

मी कॅल्क्युलेटर काढला. माझी पंचवीस मिनिटं म्हणजे साधारण ८३० किलो इंधन, म्हणजे अडीच टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड. आणि त्यातून विमान कुठेही गेलं नाही. माझ्या आजीच्या डोक्यावर गोल फिरलं, बस.

मी बॅकएंडवर काम करतो. आमच्या धंद्यात याला नाव आहे : बिझी वेटिंग. एखाद्या प्रोग्रॅमला कुठला तरी रिसोर्स हवा असतो आणि तो मोकळा नसतो. वाईट लिहिलेला प्रोग्रॅम लूपमध्ये फिरत विचारत राहतो : मोकळा झाला का? मोकळा झाला का? प्रोसेसर तापतो, वीज जाते, काम शून्य. चांगला प्रोग्रॅम झोपून जातो आणि सिस्टिमला सांगतो, मोकळा झाला की उठव. पहिल्या वर्षी मी असा लूप लिहिला होता. माझ्या टीम लीडने तो सगळ्यांसमोर वाचून दाखवला. नंतर तसा लूप कधी लिहिला नाही.

विमानाला हवेत झोपता येत नाही. त्यामुळे झोपायचं ते जमिनीवर. मुंबईत चाळीस मिनिटांनंतरच जागा होणार हे आधी कळलं, तर विमानाने बंगळुरूतच, इंजिन बंद ठेवून, गेटवर थांबावं. याची व्यवस्था आहे. दिल्लीतल्या केंद्रीय कक्षातून देशभरच्या उड्डाणांचा ओघ पाहिला जातो आणि गर्दी दिसली की विमानांना उशिराची उड्डाणवेळ दिली जाते. चौलचा व्यापारी नेमकं हेच करायचा. वारा फिरलेला नसताना तो समुद्रात गोल फिरत बसत नव्हता. तो धक्क्यावर थांबायचा.

मग हे नेहमी का होत नाही? एक कारण आपण आहोत. विमान गेटवर अर्धा तास थांबलं तर आपण ट्विट करतो, हवेत अर्धा तास फिरलं तर सेल्फी काढतो. वक्तशीरपणाचे आकडे दर महिन्याला जाहीर होतात, त्यामुळे वेळेवर निघणं हीच कंपनीची इज्जत. दुसरं कारण गणिती. धावपट्टीच्या क्षमतेच्या काठोकाठ वेळा वाटून टाकल्या, की एका विमानाचा पाच मिनिटांचा उशीर मागच्या सगळ्यांवर सांडतो. मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. एका वेळी एकच वापरता येते.

मंत्रालयाने शेवटी जे केलं ते साधं होतं. गर्दीच्या वेळी तासाला ४६ ऐवजी ४४ आणि इतर वेळी ४४ ऐवजी ४२ विमानं. गर्दीच्या वेळी खासगी जेटवरही बंधनं. नवं यंत्र नाही, नवं इंधन नाही. तासामागे दोन विमानं कमी. मला यात आषाढ दिसला. बऱ्याच वर्षांनी कुणीतरी या आकाशाला सांगितलं होतं : इतकीच, याहून जास्त नाहीत.

वजन आणि व्हॅट

विमान कंपन्या इंधन वाचवत नाहीत असं नाही. भारतात त्यांच्या एकूण खर्चात इंधन सुमारे चाळीस टक्क्यांपर्यंत जातं, त्यामुळे त्या वाचवतातच. सीटा हलक्या करायच्या. उतरल्यावर एक इंजिन बंद करून दुसऱ्यावर टॅक्सी करायची. गेटवर उभं असताना विमानाचं छोटं इंजिन चालू ठेवण्याऐवजी विमानतळाची वीज घ्यायची. पायऱ्या-पायऱ्यांनी उतरण्याऐवजी इंजिन मंद ठेवून एका उतारावर घसरत यायचं. ऑक्टोबर २०२० मध्ये दिल्लीत एअर इंडियाचं ए३२० प्रवाशांसह ‘टॅक्सीबॉट’ने ओढत धावपट्टीकडे नेलं, विमानाची इंजिनं टेकऑफच्या जरा आधी सुरू झाली. एप्रिल २०२२ मध्ये इंडिगोचं विमान ‘गगन’ या आपल्या उपग्रह यंत्रणेच्या मदतीने किशनगडला उतरलं. अशा यंत्रणेमुळे छोट्या विमानतळांवर सरळ, नेमकं उतरता येतं, लांबचे वळसे वाचतात.

काही ठिकाणी मात्र शहाणपणाला कर आडवा येतो. विमानाच्या इंधनावरचा व्हॅट प्रत्येक राज्याचा वेगळा. मग जिथे स्वस्त तिथे टाकी जास्त भरून घ्यायची आणि ते ओझं वाहत महाग राज्यात यायचं. ओझं वाहायलाही इंधन लागतं, पण हिशेबात पैसे वाचतात. २०२३ च्या अर्थसंकल्पात महाराष्ट्राने मुंबई, पुणे आणि रायगडमध्ये हा कर २५ वरून १८ टक्क्यांवर आणला. बातमी स्वस्त तिकिटांची म्हणून छापली गेली. यात निष्कारण वाहिलं जाणारं इंधनही कमी होऊ शकतं, हे कुणी फारसं बोललं नाही. आणि रायगड? जिल्ह्यात तेव्हा चालू प्रवासी विमानतळच नव्हता. त्याच्याकडे येऊच.

सगळ्यात मोठी बचत इंजिनांनी केली. १९६८ ते २०१४ या काळात नव्या विमानांचा सरासरी इंधनवापर सुमारे ४५ टक्क्यांनी घटला. २०१६ पासून भारतात आलेली ए३२० निओ विमानं त्यांच्या आधीच्या पिढीपेक्षा साधारण १५ टक्के कमी इंधन पितात.

आता दुसरा आकडा. २०१४ मध्ये देशांतर्गत विमानप्रवाशांची संख्या सुमारे ६.७ कोटी होती. २०२४ मध्ये ती १६.१ कोटी झाली. बचत १५ टक्के, वाढ जवळजवळ १४० टक्के. या धंद्याच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा दिसतं : इंधन वाचलं, तिकीट स्वस्त झालं, आणि वाचलेलं इंधन नव्या उड्डाणांनी पिऊन टाकलं.

याबद्दल मला कुणाला बोल लावायचा नाही. माझे बाबा चोपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा विमानात बसले. त्यांनी बोर्डिंग पास अजून पाकिटात ठेवलाय.

शनिवार तेली

मग इंधनच बदललं तर? इथे रेवदंड्याचा आणखी एक धागा आहे.

आमच्या गावात बेने इस्रायल समाजाचं जुनं सिनेगॉग आहे. शतकानुशतकं कोकणात राहिलेले, मराठी बोलणारे हे ज्यू लोक. त्यांचा मुख्य धंदा तेल गाळण्याचा. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावोगावी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. तीळ, खोबरं यांचं खाण्याचं तेल. शिवाय या किनाऱ्यावर उंडीच्या बियांचं कडू तेलही निघायचं, ते दिव्याला आणि होड्यांना लागायचं. स्वातंत्र्यानंतर यातले बहुतेक जण इस्रायलला गेले. आता सिनेगॉग आहे, घाणे नाहीत.

आजच्या हरित विमान इंधनाची सगळ्यात रुळलेली पद्धत मुळात तेलीकामच आहे. वनस्पती तेल किंवा वापरलेलं तळणीचं तेल घ्यायचं, हायड्रोजनची प्रक्रिया करून त्यातला ऑक्सिजन काढायचा, रेणू हवे तसे मोडायचे आणि विमानाच्या इंधनात मिसळायचं. २७ ऑगस्ट २०१८ ला स्पाइसजेटचं विमान डेहराडूनहून दिल्लीला आलं, तेव्हा त्याच्या इंधनात मोगली एरंडापासून बनवलेला भाग होता. १९ मे २०२३ ला पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एअर एशिया इंडियाच्या विमानात दुसरी पद्धत होती : पुण्याच्या ‘प्राज’ने उसाच्या मळीपासून अल्कोहोलमार्गे बनवलेलं इंधन, एक टक्क्यापर्यंत मिसळलेलं. ऑगस्ट २०२५ मध्ये इंडियन ऑइलच्या पानिपत रिफायनरीला वापरलेल्या तळणीच्या तेलापासून असं इंधन बनवण्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं. क्षमता वर्षाला सुमारे ३५ हजार टन.

भारत वर्षाला ८० लाख टनांहून जास्त विमान इंधन जाळतो. ३५ हजार टन म्हणजे त्याच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. सरकारचं उद्दिष्ट आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये १, २०२८ मध्ये २ आणि २०३० मध्ये ५ टक्के मिश्रणाचं आहे. विमानांच्या कार्बनची भरपाई करायला लावणारा ‘कोर्सिया’ करार २०२७ पासून भारताला लागू होतोय, पण तोही आंतरराष्ट्रीय उड्डाणांपुरता. माझं बंगळुरू-मुंबई त्यात मोजलंच जात नाही.

ही इंधनं यायलाच हवीत. तळणीचं तेल गटारात जाण्यापेक्षा टाकीत गेलेलं बरं. पण देशभरच्या सगळ्या वडापाववाल्यांच्या कढया रिकाम्या केल्या तरी त्याला सीमा आहे, आणि उसाला पाणी लागतं हे महाराष्ट्राला सांगायला नको. शनिवार तेल्यांना निदान एक गोष्ट ठाऊक होती : आठवड्यातला एक दिवस घाणा बंद.

पोफळी

३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं. वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर. मी लॉकडाउनमुळे घरीच होतो. आजोबांनी लावलेल्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडताना मी पाहिल्या. दोन तासांत वाडीतून समुद्र दिसायला लागला, जो मला जन्मात तिथून दिसला नव्हता. एकच वादळ दाखवून ‘हे विमानांमुळे’ म्हणता येत नाही, तसं म्हणणारा खोटं बोलतो. पण समुद्र तापतोय, आणि वादळांना ऊर्जा तापलेल्या पाण्यातूनच मिळते. बाबांनी त्याच पावसाळ्यात नवी रोपं लावली. पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. आमचं गणित वर्षांचं आहे, तिमाहीचं नाही.

२५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली आणि रायगड जिल्ह्याला त्याचं विमानतळ मिळालं. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचं पात्र वळवलं गेलं, खारफुटी गेली, दहा गावं उठली. सौरऊर्जा आणि हरित इंधन साठवण्याची सोय मूळ आराखड्यातच आहे. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवासी.

या जानेवारीत मी तिथे उतरलो. एकही घिरटी नाही. तिथून सुमारे अडीच तासांत घरी. आजी म्हणाली, "आता बरं झालं, येत जा वरचेवर." आणि मी खरंच आलो. पूर्वी तीन महिन्यांतून एकदा यायचो, यंदा सहा आठवड्यांत दोनदा. वाचलेल्या घिरट्यांचं इंधन मी स्वतःच एका जादा फेरीत जाळून टाकलं. १५ आणि १४० टक्क्यांचं गणित मला आकड्यांत कळलं होतं. ते आता माझ्या तिकिटांत दिसत होतं.

विमान कंपन्यांनी काय करावं याची यादी लांब नाही. थांबायचं ते जमिनीवर. ओझं कमी, वळसे कमी, इंजिनं नवी, इंधन शक्य तितकं बदललेलं. हे सगळं त्या करतील, कारण यातल्या बऱ्याच गोष्टींत पैसे वाचतात. जे त्या आपणहून कधीच करणार नाहीत ते म्हणजे मोसम घालून घेणं. तो बाहेरूनच यावा लागतो. ४६ चे ४४ कुणीतरी बाहेरूनच केले होते. किती उड्डाणं, कुठल्या वेळी, जिथे रेल्वे चांगली होऊ शकते तिथे किती, हे ठरवणं सरकारचं काम आहे. आणि त्या ठरवण्याला शिव्या न घालणं आपलं.

परवा संध्याकाळी मी रेवदंड्याच्या किनाऱ्यावर होतो. कोर्लईच्या टोकावर एक दिवा वळला, थोड्या वेळाने दुसरा, त्याच जागी. मुंबईवर अजूनही गर्दी होते तर. खाली वाळूवर दोन होड्या ओढून ठेवल्या होत्या, भरतीची वाट पाहत. मी फोन काढला, पुढच्या महिन्याचं विमानाचं तिकीट उघडलं आणि शेजारच्या टॅबमध्ये रेल्वेचं. जवळजवळ एक दिवसाचा प्रवास. लॅपटॉप आहे, काम गाडीतूनही होईल. रेल्वेचं तिकीट वेटिंगवर होतं.

काढलं. थांबू.